घरी हलत नाही

"बाबा, ते अजून हलतंय," मुलगी फोनवर म्हणाली.

बाबांनी फोन ठेवला आणि बायकोकडे असं पाहिलं, जणू तिनेच जाऊन ते हलवलं होतं. मुलीच्या नव्या घरून ते स्टूल दोनदा परत आलं होतं. दोन्ही वेळा इथे हॉलच्या मधोमध ठेवल्यावर चारही पाय टेकून ढिम्म उभं राहिलं होतं. पहिल्यांदा बाबा म्हणाले, प्रवासात लाकूड बिथरतं. म्हणून दुसऱ्यांदा नेताना त्यांनी ते बसमध्ये मांडीवरच घेतलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी "मी बसू का त्यावर?" असं विचारलं, तर साफ नाही म्हणाले.

बाबांनी बत्तीस वर्षं जमीन मोजणी खात्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी विजेची छोटी करवत, ड्रिल आणि घासायचं मशीन आणलं आणि टेबल, बाक, चपलांचं कपाट असं एकेक करून हॉल भरून टाकला. पद्धत ठरलेली. वस्तू हॉलमध्ये मांडायची, जो पाय वर राहील त्याच्या हिशेबाने बाकीचे घासायचे, पायाखाली कागदही जाणार नाही इतके. पाहुणे टेबल हलवून बघत आणि हात टेकत.

पण हे स्टूल वेगळं होतं. मुलीने जन्मभर जे मागितलं ते आईकडे. लग्न ठरवल्याचंसुद्धा आधी आईला कळलं, बाबांना जेवताना. तीच मुलगी महिन्यापूर्वी म्हणाली होती, "बाबा, वरच्या फळीला हात पोचत नाही. एक स्टूल करून देशील?" त्या दिवशी बाबांनी आनंदाच्या भरात आधीच स्वच्छ असलेलं मशीन पुन्हा पुसलं होतं. आता रोज ती त्या डुगडुगत्या स्टुलावर चढून जड डबे काढत होती.

"दोष तिच्या फरशीचा आहे," बाबांनी जाहीर केलं आणि या खेपेला सपाटी तपासायची पाणसळ घेऊन गेले. मुलीच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून त्यांनी ती फळीखालच्या फरशीवर ठेवली. नळीतला बुडबुडा बरोब्बर मध्ये. आडवी ठेवली, तिरकी ठेवली. बुडबुडा जागचा हलेना. चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या जावयाच्या हातात चहा गार झाला.

"पाणसळ बिघडलीय," बाबा म्हणाले आणि तडक घरी आले.

ती बिघडली आहे हे सिद्ध करायला त्यांनी ती स्वतःच्या हॉलमध्ये ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला. पुढच्या फरशीवर दुसऱ्या टोकाला. हॉल जुन्या गादीसारखा मधोमध खचला होता. पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात; बाबांची कधीच सरकली होती, त्यांना कळलं मात्र आज. बत्तीस वर्षं गावभरच्या जमिनी मोजणाऱ्याने स्वतःची कधी मोजलीच नव्हती.

"उद्याच गवंडी बोलावतो. सगळी फरशी उखडून सरळ करतो!"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मानही वर केली नाही. "अहो, फरशी सरळ केलीत तर अख्खं घर डुगडुगेल. टेबल, बाक, सगळं या खड्ड्याच्या मापाचं आहे. हात लावायचा नाही फरशीला."

बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. बायकोने ही सगळी कर्मकथा मुलीला फोनवर सांगून टाकली. तिसऱ्या दिवशी बाबांनी शेजाऱ्यांकडून जाड काच मागून आणली, कट्ट्यावर पाणसळीने बरोब्बर सपाट बसवली आणि त्या काचेवर नवं स्टूल घडवलं. मग ते हॉलमध्ये नेऊन ठेवलं. ते असं काही डुगडुगलं की विचारू नका.

"वा!" बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय हलतंय बघ!"

"छान हलतंय," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी दोघं न कळवताच मुलीकडे पोचली. दार उघडं होतं आणि आतून धूळ येत होती. स्वयंपाकघरात फळीखालच्या चार फरशा उखडलेल्या होत्या. एक गवंडी जुनं स्टूल ओल्या मालावर मांडलेल्या फरशांवर ठेवत होता, उचलत होता, पुन्हा ठेवत होता.

"काय सांगू काका," तो वैतागून म्हणाला, "ताई म्हणतात, वडिलांचं स्टूल हलणार नाही अशी फरशी करून द्या. पंचवीस वर्षं सरळ फरशा बसवतोय. वाकडी बसवायचं काम आजच आलं."

मुलगी केसांवरची धूळ झटकत आली. "बाबा! अरे, कळवायचं तरी. गवंडी म्हणत होता, पाय जरा घासू या. मी स्टुलाला हातसुद्धा लावू दिला नाही. आता बघ, अजिबात हलणार नाही." तिचा चेहरा नुसता फुलला होता. मग तिचं लक्ष बाबांच्या हाताकडे गेलं. "आणि हे काय आणलंस?"

बाबांनी उखडलेल्या फरशांकडे पाहिलं. त्यांना एकदम वाटलं, आपल्यासारखा श्रीमंत माणूस नाही.

"हे होय? बसमध्ये जागा मिळत नाही ना हल्ली," ते म्हणाले आणि नवं स्टूल त्यांनी बायकोच्या हातात दिलं. मग गवंड्याशेजारी गुडघे टेकून, एक डोळा मिटून त्यांनी जुन्या स्टुलाच्या पायांकडे बारीक नजरेने पाहिलं.

"मागचा डावा पाय अजून लटकतोय," बाबा म्हणाले. "तिथली फरशी दोन सूत वर घ्या."