बदामाएवढ्या जागेतली गाठ

केरबा ओरडला की गल्लीतलं दूध विस्तवाविना उतू जायचं, शपथेवर सांगतो! घरात मात्र नुसत्या ओरडण्यावर भागायचं नाही. बायकोवर, अनुसयावहिनींवर, हात पडायचा.

एक दिवस डॉक्टरांनी केरबाच्या डोक्याच्या स्कॅनची फिल्म दाखवली. "मेंदूत रागाशी संबंध असलेला बदामाएवढा भाग असतो. तिथंच गाठ दाबतेय. कदाचित त्यामुळे..."

"म्हणजे गाठ मारत होती गं, मी नव्हे!" केरबा बायकोपुढे रडला.

ऑपरेशननंतर तो अगदी मऊ होऊन घरी आला. जेवताना फळीवरची चटणीची बरणी घ्यायला त्यानं हात उचलला, तशा वाढणाऱ्या वहिनी डोकं झाकून भिंतीला चिकटल्या.

"अगं, गाठ काढली ना?"

"तुमच्या डोक्यातली काढली."

तेव्हापासून केरबा दोन्ही हात मांडीखाली घेऊन चटणी मागतो.