गाडीची जबानी

दसऱ्याच्या दुपारी हेमांगीच्या स्वयंचलित गाडीचं तोंड पार चेपलं होतं. समोरच्या जीपचा म्हातारा चालक घाम पुसत होता.

“काका, विमा आहे का?” ती कडाडली.

“हाताने गाडी चालवणाऱ्याला हल्ली कोण विमा देतंय, बाई?”

म्हणजे भरपाई आपल्याच कंपनीकडून काढायची! पण कंपनी माणसांचं ऐकत नसे, गाडीचीच जबानी घेई. येरझाऱ्या घालून झाल्यावर हेमांगी आपल्या गाडीपाशी वाकली.

“सांग ना कंपनीला, चूक यांचीच होती!”

“ताई, खोटं मला बोलता येत नाही,” गाडी म्हणाली. “सकाळी पूजा झाल्यावर मी म्हटलं, डोळ्यांवरचा हार काढा, झेंडूशिवाय काही दिसत नाही. तुम्हीच म्हणालात, आज काढू नये, अपशकुन होतो.”