टेबलावरचे फोन

पोह्यांच्या बशा उचलल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आपापले फोन टेबलावर स्क्रीन वर करून ठेवले. वॉलपेपर हाताने निवडायचे दिवस केव्हाच गेले होते. ज्या फोटोवर माणसाची नजर सर्वांत जास्त रेंगाळते, तोच फोटो फोन आपणहून लावतो. हल्ली लग्न जमवताना पत्रिकेपेक्षा लोक यावरच भरवसा ठेवत.

मुलाच्या फोनवर तो स्वतःच होता. "आत्मविश्वास आहे हो त्याला," त्याची आई म्हणाली. ऋजुताच्या फोनवर समुद्र निघाला. तोही चालला.

ऋजुताच्या आई, मालिनीताई, सकाळपासून फोनमधल्या गणपतीच्या फोटोकडे टक लावून बसल्या होत्या. तरी त्यांच्या फोनवर मृणालच आली, दोन वेण्या घातलेली.

"ही कोण?" मुलाच्या आईने विचारलं.

"कुणी नाही," ऋजुताचे वडील घाईने म्हणाले. पळून जाऊन लग्न केलेल्या थोरल्या मुलीचं नाव घरात काढायचं नाही, हा त्यांचाच हुकूम होता.

"बरं. तुमचा फोन खिशातच राहिला की!"

त्यांनी तो नाइलाजाने टेबलावर ठेवला. त्यावरही त्याच दोन वेण्या होत्या.

मालिनीताई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. एवढी वर्षं त्या याच माणसाच्या धाकाने बाथरूममध्ये नळ सोडून रडत होत्या.