चौथी घागर

राहीने तिसरी घागर पिंपात ओतली आणि तिसरी शिवी दिली. "खारां पानी पी, मेल्या, जिथं असशील तिथं."

राजाभाऊंच्या घरी समुद्राच्या पाण्याच्या रोज चार घागरी लागत. चार घागरींना चार शिव्या, हा हिशेब आश्विनापासून एकदाही चुकला नव्हता. आत चुलीपाशी राजाभाऊंची बायको आनंदीबाई त्यावरूनच घागरी मोजत असे. शिव्या राहीच्या नवऱ्याला असत. गणपती पोचवून तो होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडी मालवणला विकली आणि तिकडेच दुसरी बाई ठेवली, असं राहीची सासू हौसा सांगे; आईला मुलगा बुडण्यापेक्षा बिघडलेला बरा वाटतो. राहीनेही तेच धरून चालायचं ठरवलं. कुंकू राहिलं, हिरव्या बांगड्या राहिल्या, वर शिव्या आल्या. शिवीत गंगाराम हे नाव मात्र ती घेत नसे. लग्नाच्या बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, शिवी द्यायलासुद्धा नाही.

पाणी लागे ते ओटीवरच्या काचेच्या टाकीला. मास्तरकीतून पेन्शनीत निघाल्यावर लोक पोथी धरतात, राजाभाऊंनी समुद्र धरला होता. टाकीत दोन खेकडे, थोडं शेवाळ आणि कार्तिकात भाट्याच्या पुळणीवर सापडलेली हातभर फळी. फळीवर बोटाएवढ्या देठांना पांढऱ्या शिंपल्या लागल्या होत्या. मधूनच एखादी उघडे, आतून काळ्या केसांचा पंजा बाहेर येई आणि पाणी ओरबाडून परत जाई. इंग्रजी पुस्तकातल्या चित्रांशी हे जुळेना. राजाभाऊंना ते मनातून जुळायला नकोच होतं. न जुळलेल्या प्राण्याला शोधणाऱ्याचं नाव लागतं.

आज मुंबईहून एक प्रोफेसर मुद्दाम बोटीने आले होते. दोन तास भिंगातून बघून तेही म्हणाले, कुळ कळतं, जात कळत नाही. मग त्यांनी विचारलं, इथले दर्यावर जाणारे खारवी ह्याला काय म्हणतात? हे राजाभाऊंनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. दिवसातून चार वेळा समुद्र घरी आणणारी बाई होती, पण ती मागल्या दारी.

तिला पुढल्या अंगणात बोलावलं. राहीने आधी जीव बघितले. चालत्या होडीला हे धरत नाहीत, ती सहज सांगून गेली. होडी फुटून लाकूड वाऱ्यावर गेलं की मग धरतात. प्रोफेसरांनी खूश होऊन ते टिपून घेतलं. तिला नीट दिसावं म्हणून राजाभाऊंनी फळी पाण्यातल्या पाण्यात उलटी केली.

पाठीला तांब्याचं ठिगळ होतं, सात खिळ्यांचं. तांब्यावर हा प्राणी वाढत नाही, एवढं राजाभाऊंनी वहीत नोंदवून ठेवलं होतं. ते तांबं राहीच्या माहेरच्या कळशीच्या बुडाचं होतं. होडी गळायला लागली तेव्हा सहा खिळे गंगारामने ठोकले. सातवा तिने हट्टाने ठोकला आणि वाकवला, म्हणून तो दिवसभर हसला होता.

तिने बोटाने हवेतच एकेक खिळा मोजला आणि वाकड्यापाशी थांबली. मग म्हणाली, "भाऊ, ह्ये कदी धरले असतील?"

असा प्रश्न राजाभाऊंना तीन महिन्यांत कुणी विचारला नव्हता. दर पंधरा दिवसांनी आपण दोऱ्याने देठ कसे मोजतो, महिन्याला जवभर वाढ कशी भरते, त्यावरून मागे मागे कसं जायचं, हे सगळं त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं तिला सांगितलं. "भाद्रपदात. गणपती गेल्यावर आठ-दहा दिवसांत. त्याच्या पुढे एक दिवस नाही."

राहीने अंगठा पेरांवरून फिरवला. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. महिन्याचे तीस दिवस. दिवसाच्या चार.

"बाई, नाव तेवढं सांगा," प्रोफेसर पेन्सिल धरून म्हणाले. "ह्याचं नाव काय?"

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. टाकीकडे बघतच म्हणाली, "गंगाराम."

प्रोफेसरांनी लिहून घेतलं. मग जरा नवल करून राजाभाऊंना विचारलं, की खारव्यांत प्राण्यांना अशी माणसांची नावं असतात का.

गंगाराम कोण, हे राजाभाऊंना ठाऊक होतं. भाट्यापासून मिऱ्यापर्यंत सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी ठिगळाकडे पाहिलं, वाकड्या खिळ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर फळी उद्या स्मशानात जायची. प्रेत मिळालं नाही की असंच काहीतरी जाळतात. फळीबरोबर तिच्यावरचे जीवही जायचे. आणि त्यांना लागायचं ते राजाभाऊंचं नावही.

"असतात," राजाभाऊ म्हणाले. "लिहा."

राही मागल्या दारी गेली. थोड्या वेळाने पिंपात पाणी पडल्याचा आवाज आला. नुसता पाण्याचा.

आत आनंदीबाईच्या मोजणीत तीनच भरल्या होत्या.

"राही," ती चुलीपासून म्हणाली, "चौथी राहिली गो."