अशिलाची खुर्ची

माझ्या टेबलासमोर अशिलासाठी एकच खुर्ची आहे. तीत कारखान्याचे मालक ऐसपैस बसले. गुन्हा ज्याच्यावर दाखल झाला होता तो त्यांचा ड्रायव्हर दाराशी उभा राहिला.

"यानं माणूस उडवला," मालक म्हणाले. "कबूल करायला तयार आहे. शिक्षा तेवढी कमी होईल असं बघा."

मी ड्रायव्हरला विचारलं, "तो माणूस कुठून आला?"

"डावीकडून," मालकच बोलले. "हातात दुधाची पिशवी. मधेच थबकला, गाढव!"

"ब्रेक दाबला होतास?"

"दाबून काय उपयोग? रस्ता ओला होता."

"साहेब, त्याला बोलू द्या."

"तो काय बोलणार? त्याची अक्कल गुडघ्यात. तुम्ही विचारा, मी सांगतो."

मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. काच कुठे तडकली, पडल्यावर तो काय ओरडला, सगळं. ड्रायव्हर नुसता ऐकत होता. त्यालाही हे नवीनच होतं. नोकराला दोन वाक्यं बोलू देणं ज्यांच्या जिवावर येतं, अशा माणसांची मला एरवी किळस येते. आज मात्र मी त्यांना एकदाही थांबवलं नाही.

शेवटी पेन खाली ठेवलं. "पोलिसांना तर तुम्ही सांगितलंय, अपघात झाला तेव्हा घरी टीव्ही बघत होतात."

मालकांनी पहिल्यांदाच वळून ड्रायव्हरकडे पाहिलं.

"उठा, माझ्या अशिलाला बसू द्या," मी म्हटलं. "वकील तुम्हालाही लागेलच. तो दुसरा बघा."