आधी घोड्याची तपासणी

पैदाशीच्या घोड्याला जरा कणकण आली, तरी तिचा नवरा दिवसभर तबेल्यात बसून राहायचा. तिच्या दुखण्याखुपण्याला मात्र त्याला सवड नसायची. त्या जनावरावर ती मनातून जळायची.

आज एक घोडीवाला तक्रार घेऊन आला. "आमची घोडी यंदाही गाभण राहिली नाही. तिच्यातच खोट असणार."

"तिला उगाच कशाला बोल लावता?" नवरा समजुतीने म्हणाला. "आधी आमचा घोडा तपासून घेऊ. मध्यंतरीच्या तापाने त्याचं बीज कमजोर झालं असेल. दोष नराचाही असतो."

चहा घेऊन आलेली ती दारातच थबकली. आजवर कुणाचा वाटला नव्हता एवढा तिला त्या घोडीचा हेवा वाटला.

&nbsp;

मूल होत नाही म्हणून ती कित्येक वर्षं एकटीच दवाखान्यांचे उंबरे झिजवत होती.