काय बोलली माऊली?

"माऊली, मागची जागा बिल्डरला द्यायची का?" पंढरीनाथकाकांनी हात जोडून विचारलं.

सावित्रीबाई देव्हाऱ्यासमोर बसून घुमत होत्या. केस सुटलेले, कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत उतरलेलं. प्रश्न ऐकून त्यांचं घुमणं थांबलं. आवाज आला तो रोजच्या सावित्रीबाईंचा नव्हता. जाड होता, आणि कोणाच्या बापाला भिणारा नव्हता.

"न्हाय. ती माती माजी हाय. चिमूटभर बी कोनाला द्यायची न्हाय."

एवढं बोलून त्या कलंडल्या. सून सलोनीने त्यांना धरलं आणि उशी देऊन जमिनीवरच आडवं केलं. दरवर्षी नवरात्रातल्या अष्टमीला सकाळच्या आरतीनंतर खारी गावातल्या या घरात देवी यायची, बोलायची आणि जायची. यंदा मुलगा जितेशने दार-खिडक्या लावून घेतल्या होत्या. बाजूच्या टॉवरमधले लोक बाल्कनीतून मोबाइलवर व्हिडिओ काढतात, असं त्याने कारण सांगितलं. खरं म्हणजे यंदाचा कौल गावात जायला नको होता.

घरामागचा तो तुकडा म्हणजे एकेकाळच्या भातशेतीची शेवटची निशाणी. सावित्रीबाई तिथे माठ, मुळा आणि थोडे वाल लावत. बाकी भावकीने सह्या देऊन टाकल्या होत्या. सावित्रीबाईंच्या सहीवाचून घोडं अडलं होतं, कारण हा तुकडा त्यांच्या नावावर. मुलाला नाही म्हणायची सावित्रीबाईंची छाती नव्हती आणि हो म्हणवत नव्हतं. शेवटी त्यांनी सांगितलं की माऊलीला विचारू, ती म्हणेल तसं करू. जितेशनेही लगेच मान डोलावली. माऊली आजवर घराच्या भल्याचंच बोलत आली होती, आणि घराचं भलं कशात आहे हे त्याच्या मते उघड होतं.

उदबत्तीच्या धुराने डोळे चुरचुरत होते.

सावित्रीबाईंचे दीर पंढरीनाथकाका सगळ्यात आधी उठले. जागा जाऊन दोन फ्लॅट आले तर त्यातला एक त्यांना मिळायचा होता. पण माऊलीचा शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. झांजांनी आपल्या कानांना दडे बसलेत, आपण काही नीट ऐकलं नाही, असं म्हणत ते चपला घालून बाहेर पडले. देवळाच्या घुमटावर भर दुपारी कावळा बोलला तरी दचकणारा माणूस, त्याने याहून जास्त काय करावं.

जितेश राहिला. आईला यातलं काही आठवणार नाही, हे त्याला माहीत होतं. दरवर्षी असंच व्हायचं. देवी गेली की सावित्रीबाईंना थोडी झोप लागे. जाग आली की त्या पाणी पीत आणि विचारत, काय बोलली माऊली? सांगायचा मान घरच्या सुनेचा. पूर्वी सावित्रीबाईंच्या सासूच्या अंगात यायचं तेव्हा सून म्हणून सावित्रीबाई सांगायच्या. आता सलोनी सांगत होती, आणि सावित्रीबाई तो शब्द काळ्या दगडावरची रेघ मानत होत्या.

जितेशने फक्त सलोनीकडे पाहिलं आणि मग हॉलमधल्या पडद्याकडे. लग्न झाल्यापासून ती दोघं त्या पडद्यामागे झोपत होती.

सलोनीने कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं. माणूस एरवी जे बोलू शकत नाही ते अशा अवस्थेत बोलतो आणि नंतर विसरतो, असा एक धडाच होता पुस्तकात. नवीन नवरी असताना तिने हे जितेशला सांगितलं, तेव्हा आईसमोर असलं काही बोलू नकोस, अशी तिला तंबी मिळाली होती. ती बोललीही नाही. काकांना भीती होती, जितेशलाही होती. तिला नव्हती. देवी नाहीच, तर देवीच्या नावावर खोटं बोलण्यात पाप कसलं, असा तिने विचार केला. मघाचा तो आवाज कोणाचा होता, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

सावित्रीबाईंनी डोळे उघडले. सलोनीने त्यांना टेकू देऊन बसवलं आणि तांब्या पुढे केला. त्या घटाघट पाणी प्यायल्या. पदराने तोंड पुसलं.

"काय बोलली गं माऊली?"

"द्या म्हणाली, आई." सलोनीचा आवाज स्वच्छ निघाला. मग लागत नव्हतं तरी ती पुढे बोलली, "मुलांचं घर होऊ दे, म्हणाली."

जितेश उठून खिडक्या उघडायला गेला. त्याची पाठ दोघींकडे होती.

सावित्रीबाईंनी पुन्हा विचारलं नाही, शंका काढली नाही. देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले, डोकं टेकलं. उद्या त्या माणसाला कागद घेऊन यायला सांग, असं त्यांनी जितेशला सांगितलं. उगाच दसऱ्यापर्यंत लांबवायला नको. जितेशने पाठमोऱ्यानेच हो म्हटलं.

त्या केस बांधायला लागल्या. अंबाडा जमेना. सलोनी मागे बसली आणि त्यांचे केस हातात घेऊन विंचरू लागली. सावित्रीबाईंच्या दोन्ही गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"एवढी वर्सं माज्या अंगात येते, सलोनी," त्या म्हणाल्या. "यंदा तरी माज्या मनातलं बोलंल, असं मना वाटलं व्हतं."